परगावचं पाणी

आपल्याकडे माणूस गावाला जाऊन आला आणि आजारी पडला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘पाणी बदललं ना, दुसरं काय!’ ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीसाठी, परगावी जाणाऱ्याला या वाक्याचा अर्थ शब्दशः कळतो. तिथलं पाणी प्यायचं असतं, तिथल्या पाण्यात पोहायचं असतं, हवेतल्या बाष्पाशी सहा-सात तास सामना असतो आणि अंगातून घामावाटे जाणारं पाणी मोजूनमापून परत भरायचं असतं. सायकल तीच, पाय तेच, सराव तोच. पण गाव बदललं की सगळंच थोडं थोडं सरकतं.

महाराष्ट्रातल्या लोकांसाठी असं परगाव म्हणजे बहुतेकदा पणजी. 2019च्या ऑक्टोबरात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली. करोनामुळे मधली दोन वर्षं गेली आणि 2022पासून ती पुन्हा सुरू झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. एकूण 113 किलोमीटर, मैलांत 70.3, म्हणून हे नाव. पुणे, कोल्हापूर, मुंबई, नाशिक इथून सायकली घेऊन लोक निघतात. सहा-आठ महिने पहाटे उठून केलेला सराव त्या सायकलीबरोबर निघालेला असतो आणि तो वाटेत सांडू नये, एवढीच या दिवसांतली खरी काळजी. गोव्यात जाऊन कुणाचाही दम वाढत नाही. जे कमावलंय ते धडपणे किनाऱ्यापर्यंत पोचवायचं असतं.

सुरुवात सायकलीपासून. सायकल खोक्यात भरणं हे आयुष्यात पहिल्यांदा निघायच्या आदल्या रात्री करायचं काम नव्हे. पहिल्या वेळी निवांत दोन तास लागतात, म्हणून दोन आठवडे आधी एकदा पूर्ण भरावी, पुन्हा जोडावी आणि चालवून पाहावी. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची पुठ्ठ्याची खोकी पडलेली असतात, ती मागितली की मिळतात. त्याच दुकानात पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) बसवायचा प्लास्टिकचा आडवा तुकडाही मागून घ्यावा; नव्या सायकलीबरोबर तो येतो आणि दुकानदार टाकून देतो. चाक काढलेला चिमटा बाजूने दाबला गेला तर हा तुकडाच त्याला वाचवतो. फ्रेमच्या नळ्यांना गुंडाळायला एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात तो काळा फोम उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो आणि उभा चिरून नळीवर बसवता येतो.

पेडल काढताना पुष्कळांची अडचण होते. उजवं पेडल नेहमीसारखं उलट फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या दिशेला फिरवलं तर ते आणखी घट्ट बसतं. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना पेडलच्या वर उभा धरून दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडे ओढायचा. काही पेडलना 15 मिलिमीटरचा चपटा पाना लागतो, काहींना आतून 8 किंवा 6ची ॲलन की. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढण्याआधी तो फ्रेममध्ये शिरतो तिथे इलेक्ट्रिकलच्या टेपचा एक वेढा द्यावा आणि क्रँकच्या (पेडल बसतात त्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजपट्टीने मोजून आकडा फोनमध्ये टिपून ठेवावा. टेप सरकू शकते, आकडा सरकत नाही. सीट पाच मिलिमीटर खाली राहिली तरी 90 किलोमीटरनंतर गुडघा ते सांगतो, आणि तोवर पुढचे 21 किलोमीटर बाकी असतात.

प्रवासात सगळ्यात जास्त मोडतो किंवा वाकतो तो मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जिथे टांगलेला असतो तो छोटा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो. खोकं उजव्या कुशीवर आदळलं की तो आत वाकतो. डोळ्यांना दिसतही नाही, पण गिअर अडखळायला लागतात आणि चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं की डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत जातो. त्यामुळे डिरेलर हँगरपासून सोडवून बबलरॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधावा. शिवाय आपल्या मॉडेलचा जादा हँगर जवळ ठेवावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे शर्यतीच्या गावात तो मिळेल या भरवशावर राहता येत नाही. डिस्क ब्रेक असतील तर डिस्क काढून सपाट पुठ्ठ्यात ठेवाव्यात आणि पॅडच्या फटीत पिवळा किंवा लाल प्लास्टिकचा तुकडा घालावा. चाक नसताना कुणी ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग हॉटेलच्या खोलीत स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन मागे ढकलत बसावं लागतं.

जोडताना हँडलचे बोल्ट आणि कार्बनची सीटपोस्ट किती आवळायची ते त्या भागावरच छापलेलं असतं, सहसा 5 ते 6 न्यूटन-मीटर. छोटा टॉर्क पाना बरोबर असावा. अंदाजाने जास्त आवळलं तर कार्बन चिरतो, कमी आवळलं तर खड्ड्यात हँडल खाली जातं, आणि एरोबारवर कोपर टेकवून बसलेल्या माणसासाठी ते फार वाईट असतं.

आता न्यायचं कसं. गाडी असेल तर प्रश्न मिटतो. पुण्याहून पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर, आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटाने. ऑक्टोबरात पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे घाटातल्या रस्त्याची चौकशी निघण्याआधी करावी. सायकल टपावर बांधली असेल तर हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगचं छत लक्षात ठेवावं. दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस नेमकं तेच विसरतो.

रेल्वेने न्यायची तर पार्सल ऑफिसात नोंदणी करून सायकल ब्रेकव्हॅनमध्ये जाते. मीटर, दिवे, बाटल्या, सीटखालची पिशवी सगळं उतरवून घ्यावं आणि नाव, फोन, कुठून कुठे हे दोन ठिकाणी लिहावं. पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी असलं तरी उतरवायचं मडगावला ठरवावं, कारण थोडा वेळच थांबणाऱ्या गाडीतून मालडब्याचं दार उघडून सायकल खाली येईपर्यंत गाडी हलू शकते. मडगावहून पणजी तीसेक किलोमीटर. विमानाने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. एक, तिकीट दाबोळीचं आहे की मोप्याचं. दोन्ही पणजीपासून तीसेक किलोमीटरवर, पण विरुद्ध दिशांना. दुसरं, दीड मीटरच्या आसपास लांबीचं खोकं साध्या टॅक्सीच्या डिकीत मावत नाही. मोठ्या गाडीची व्यवस्था हॉटेलकडून आधीच करून ठेवावी, बाहेर येऊन शोधत बसू नये. टायरमधली बरीचशी हवा काढायची, पण रिम जमिनीला टेकणार नाही इतकी ठेवायची. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जातात, म्हणून ती शर्यतीच्या गावात विकत घ्यावीत.

रविवारी शर्यत असेल तर गुरुवारी किंवा निदान शुक्रवारी दुपारपर्यंत पोचावं. शुक्रवारी संध्याकाळी सायकल जोडून अर्धा तास चालवावी, सगळे गिअर जोर लावून बदलून पाहावेत, ब्रेक कचकचून दाबून पाहावेत. काही बिघडलं असेल तर शनिवारची सकाळ हाताशी असते. हॉटेल किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. पहाटे रस्ते बंद होतात आणि चार वाजता रिक्षा-टॅक्सी शोधणं म्हणजे विनाकारण जीव टांगणीला लावणं.

समुद्राबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण घाटावरच्या माणसाचा सगळा सराव 25 मीटरच्या तरणतलावात झालेला असतो. तिथे तळाला काळी रेघ असते, दर 25 मीटरला भिंत असते. समुद्रात यातलं काहीच नाही. पोहण्याला साधारण 1 तास 10 मिनिटांची मर्यादा असते, 1.9 किलोमीटरला हिशोब केला तर दर 100 मीटरला 3 मिनिटं 41 सेकंद. तलावात साडेतीन मिनिटांनी पोहणारा ‘बसतंय की’ म्हणून निश्चिंत होतो आणि तिथेच चुकतो. खुल्या पाण्यात सरळ रेषेत कुणीच पोहत नाही, शे-दोनशे मीटर जादाचे सहज होतात. तलावात तीन मिनिटांच्या आत येत असेल तरच निर्धास्त राहावं. दर सहा-आठ हातांमागे मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून बघायचं आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलं की पाय बुडतात, आणि ते परत वर आणायला दरवेळी ताकद जाते.

मिरामार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो आणि काही अडत नाही. वळून किनाऱ्याकडे निघालं की तो थेट डोळ्यांत येतो आणि मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोया दिसेनाशा होतात. त्यासाठी गडद काचेचा गॉगल हवा. शनिवारी त्याच वेळेला किनाऱ्यावर उभं राहून मागची एखादी उंच इमारत किंवा माडांची वेगळी दिसणारी रांग खूण म्हणून ठरवून ठेवावी. पाणी इतकं कोमट असतं की वेटसूटचा (पोहताना ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाचा) प्रश्न येत नाही. आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे 24.5 अंशांपर्यंतच तो सरसकट चालतो आणि गोव्याचा समुद्र त्याच्या बराच वर असतो. खाऱ्या पाण्यात शरीर तरंगतंही जास्त, ते त्या दिवसाचं फुकटचं बक्षीस. पण तेच खारं पाणी काखेत आणि मानेवर कपड्याच्या शिवणीला घासून कातडी सोलतं. व्हॅसलिन सढळ हाताने लावावं, फक्त नंतर हात पुसल्याशिवाय गॉगलला लावू नयेत.

मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, त्यामुळे भरती-ओहोटीला इथे दुहेरी महत्त्व. आपल्या किनारपट्टीवर जुना ठोकताळा आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. त्यात भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येला गणित सव्वाअकराचं येतं, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी आणि तीही उधाणाच्या दिवसांतली. तेव्हा सकाळी पाणी मागे गेलेलं असतं आणि मांडीपर्यंतच्या पाण्यात बरंच चालावं लागतं. तिथे पळायचा हट्ट केला तर पोहायच्या आधीच छाती भरते. कॅलेंडर भिंतीवर असतंच, तारीख जाहीर झाली की तिथी पाहून ठेवावी. शेवटचा शब्द अर्थात त्या बंदराच्या छापील तक्त्याचा. आणि शनिवारी सराव-पोहणं ठेवलेलं असेल तर 15-20 मिनिटं उतरावंच. पहिल्यांदा नाकातोंडात खारं पाणी गेलं की जीव घाबरतो. ते घाबरणं शनिवारी उरकलेलं बरं. रविवारी तसं झालंच तर पाठीवर उलटावं, हात वर करावा, जीवरक्षकाच्या कयाकला धरून दम घ्यावा. कयाक धरून पुढे न सरकता नुसतं थांबलं, तर नियमाने ते चालतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक धरत नाहीत आणि बुडायची वेळ आणतात, म्हणून ती मुद्दाम सांगायला हवी.

आता हवेतलं पाणी. ऑक्टोबरात पुण्याची पहाट गार आणि त्या मानाने कोरडी असते. घाम येतो आणि उडून जातो. गोव्यात घाम येतो आणि अंगावरच राहतो. घाम उडाला तरच शरीर थंड होतं, नुसता गळणारा घाम फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. दमट उष्म्याची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, म्हणजे दोन दिवस आधी पोचून ती होत नाही. ती घरीच करायची. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे काही धावणी पहाटेऐवजी सकाळी दहा-अकराला करावीत किंवा घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पंखा बंद ठेवून तासभर सायकल मारावी. पाणी शेजारी ठेवून आणि चक्कर वाटली तर थांबायच्या तयारीने. शर्यतीत मग वेगाकडे कमी आणि नाडीकडे जास्त बघावं. पुण्यात सहा मिनिटांनी किलोमीटर धावणाऱ्याने तिथे साडेसहाने सुरुवात केली तर तो शेवटच्या टप्प्यात धावत असतो. सहाने सुरू केलेला पुष्कळदा चालत असतो.

आपल्याला किती घाम येतो हे मोजण्यासारखी सोपी आणि तरीही क्वचितच केली जाणारी गोष्ट दुसरी नाही. कोरड्या अंगाने वजन करावं, तासभर शर्यतीच्या जोराने सायकल किंवा धावणं, पुन्हा अंग पुसून वजन. एक किलो कमी झालं तर एक लिटर गेलं, मध्ये जे प्यायलो ते त्यात मिळवायचं. हे दमट दिवशी करावं. जेवढं गेलं तेवढं सगळं भरून काढायला जाऊ नये, पोट तासाला साधारण 600 ते 800 मिलिलिटरच नीट घेतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहणं मात्र धोक्याचं, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं जड होणं, मळमळणं, बोटं सुजून अंगठी घट्ट वाटणं ही त्याची लक्षणं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पितो.

इथे ओआरएसबद्दलचा एक घोटाळा सोडवायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटरच्या पाकिटात 2.6 ग्रॅम मीठ आणि इतर क्षार असतात, त्या सगळ्यांतलं सोडियम मिळून सुमारे 1,700 मिलिग्रॅम. मिठासाठी ते फार चांगलं. पण ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम. लांबच्या शर्यतीत तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं लागतात. म्हणजे साडेतीन तासांच्या सायकलीत नुसत्या ओआरएसवर राहिलेला माणूस पाण्याने भरलेला आणि उपाशी असतो, आणि धावताना पाचव्या-सहाव्या किलोमीटरला पाय बंद पडतात. मीठ एका बाटलीत, साखर दुसऱ्या बाटलीत किंवा पाकिटातल्या गोड जेलमधून, असा हिशोब ठेवावा. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, काहींना चिक्कीही चालते, पण दमट हवेत चिक्की चिकट होते आणि धापा टाकताना चावली जात नाही. जे काही असेल ते घरी लांबच्या सरावात किमान चारदा खाऊन पाहिलेलं असावं. शर्यतीच्या मंडपात फुकट वाटलेलं नवं जेल पिशवीत टाकावं आणि घरी गेल्यावर उघडावं.

जेवणाचं तसंच. गोव्यात जाऊन फिश थाळी नाकारणं जिवावर येतं, पण ती रविवारी रात्री खावी. शुक्रवार-शनिवार साधं जेवण: पांढरा भात, वरण, दही, बटाटा. कोशिंबीर, उसळी, तळलेलं आणि बर्फ घातलेलं काही नको. चोथा कमी असला की पोट शर्यतीत गप्प राहतं. शनिवारचं रात्रीचं जेवण सातच्या आत. पहाटे साडेतीनला हॉटेलचं स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून छोटी विजेची किटली, ब्रेड, जॅम, केळी आणि रोजचीच चहा-कॉफी बॅगेत असावी. सुरुवातीच्या तीन तास आधी खाणं संपवावं. बाटलीबंद पाणी आणि घरचाच ग्लास, इथे जुनी माणसं म्हणायची ते खरं मानलेलं बरं.

शनिवारी दुपारी सायकल आणि पिशव्या जमा करायच्या. निळी पिशवी सायकलची, लाल धावण्याची, पांढरी शर्यतीनंतरच्या कपड्यांची. उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलच्या टायरमधली थोडी हवा कमी करावी आणि पहाटे पंपाने भरावी. तापून ट्यूब फुटल्याचा आवाज अशा जागी ऐकू येतोच. रात्रीच्या दवासाठी सीटवर आणि गिअरच्या दांड्यांवर प्लास्टिकची पिशवी. मग पाण्यातून बाहेर येण्याच्या जागेपासून आपल्या रांगेपर्यंत एकदा चालून यावं आणि खूण झाडाची किंवा खांबाची ठेवावी, शेजारच्या निळ्या सायकलची नव्हे. ती सायकल तोवर निघून गेलेली असू शकते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत येऊन ती अडकवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

आपल्याकडे सायकलचे गट एकामागे एक चिकटून चालवतात. हायवेवर ती सवय सोयीची असते, शर्यतीत तीच महागात पडते. पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर ठेवायचं आणि त्या पट्ट्यात शिरलं की 25 सेकंदांत पुढे जायचं. नाहीतर पाच मिनिटांची शिक्षा, तंबूत उभं राहून. रिकामी जेलची पाकिटं ठरवून दिलेल्या जागेबाहेर टाकली तरी शिक्षा होते, आणि ती व्हायलाच हवी. तो रस्ता कुणाच्या तरी दारावरून जातो.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणपोईवर बर्फ मिळाला तर टोपीत आणि मानेवर, स्पंज छातीवर, आणि वेदनाशामक गोळ्या अजिबात नाहीत. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर येतात.

बरोबर आलेल्या घरच्यांना मात्र वेळ आणि जागा लिहून द्यावी. सात-आठ तास उन्हात उभी राहणारी माणसं तीच असतात, त्यांनाही टोपी, पाणी आणि बसायला सावली लागते.

त्याच रात्री गाडी चालवत घाट चढायला निघू नये. डोळे उघडे असले तरी डोकं झोपलेलं असतं. सोमवारी सकाळी खोकं भरण्याआधी सायकल गोड्या पाण्याने धुवावी. जोराच्या धारेने नको, ओल्या फडक्याने आणि मगाने. समुद्राची हवा आणि अंगातला घाम असं दोन्ही मीठ तिच्यावर बसलेलं असतं. हँडलच्या टेपखाली, हेडसेटच्या (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याच्या) वरच्या बेअरिंगवर, बाटलीच्या जाळीच्या दोन बोल्टांवर ते साचतं. धुऊन कोरडी करावी, चेनला तेल द्यावं, सीटपोस्ट काढून नळी आतून पुसावी. पेडल घरी गेल्यावर ग्रीस लावून बसवावीत, डावं पेडल उलट आट्यांचं आहे हे आठवून.